मुळांचे दोन सोबती

बुरशी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती पावसाळ्यात चपलांवर आणि लोणच्याच्या बरणीत चढणारी. तीच विकत आणून खतात मिसळायची, हे आमच्या बदलापुरात अजून अनेकांना चमत्कारिक वाटते. पुड्या मात्र खपतात. म्हणून त्यांत काय असते, हे समजून घ्यायला हवे.

पुडीत बहुधा दोनपैकी एक बुरशी असते. पहिली ट्रायकोडर्मा. ती मेलेल्या पाल्यापाचोळ्यावर जगते, त्यामुळे खतात सहज वाढते. मिरची-वांग्याची कोवळी रोपे जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात. त्या रोपमरीमागे पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे रोगकारक असतात. ट्रायकोडर्मा रायझोक्टोनियाच्या तंतूंना विळखा घालून त्यांना गिळते, हे १९३२ साली वाइंडलिंग या संशोधकाने दाखवून दिले.

दुसरी मायकोरायझा. हे नाव १८८५ साली फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. भाज्यांच्या मुळांत राहणारी जात जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. ती मुळात शिरते, बाहेर दूरवर तंतू पसरते, स्फुरद आणि पाणी आणून देते आणि बदल्यात रोपाकडून साखर घेते. इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवणाऱ्या सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी सुपीकतेच्या आपल्या मांडणीत या भागीदारीला मोठे स्थान दिले होते.

या फरकावरून वापर ठरतो. कुजणाऱ्या खताचा ढीग साठ अंशांपर्यंत तापतो; म्हणून ट्रायकोडर्मा ढीग निवल्यावर, ओलसर खतात मिसळावी. मायकोरायझा ढिगात टाकून उपयोग नाही. ती बी पेरताना किंवा रोप लावताना थेट मुळाशी पडायला हवी. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक ही मंडळी तिच्याशी सोयरीक जुळवतच नाहीत. त्यांच्यासाठी पैसे खर्चू नयेत.

आणखी एक गोम आहे. खतात स्फुरद भरपूर असेल तर रोपाला भागीदाराची गरज उरत नाही आणि बुरशी मुळात फारशी शिरत नाही. म्हणून कसदार खताच्या ट्रेमध्ये मायकोरायझा निष्फळ वाटू शकते. तिचा गुण पुढे, हलक्या जमिनीत दिसतो.

पुडीवर विश्वास ठेवण्यापेक्षा मी घरच्या परीक्षेवर ठेवतो. एकच खत, एकच बी, दोन ट्रे. एकात बुरशी, दुसऱ्यात नाही. पाणी आणि ऊन सारखे. तीन आठवड्यांनी उभी रोपे मोजावीत. शेजारच्या कुंडीतली हिरवी बुरशी ट्रायकोडर्माच असेल असे नव्हे. पेनिसिलियमही हिरवी दिसते.

आमच्या पट्ट्यासाठी शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरकडे जाणाऱ्या वालधुनीत कारखान्यांचे सांडपाणी मिसळत आले आहे. अशा पाण्यावरच्या भाजीला कोणतीही पुडी शुद्ध करीत नाही. जड धातू कुजत नाहीत, विरघळून नाहीसे होत नाहीत. बुरशी फार तर त्यांची जागा बदलते. रोप सशक्त दिसले म्हणजे भाजी निर्धोक झाली, असे नाही. बुरशीची पुडी घेण्याआधी बादलीत पाणी कुठले आहे, ते विचारावे.