जाळी बसविणे कोणाचे काम?

कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाने पगार आणि बोनस यांवर बोलावे, आत्महत्येसारखा विषय डॉक्टरांवर सोपवावा, असे काही मित्रांनी आम्हांस सुचविले. शाळा आम्हांस सातवीतच सोडावी लागली. पुढे जे काही शिकलो ते नगरवाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर. तेव्हा वैद्यकातला आमचा अधिकार शून्य, हे कबूल. परंतु हा विषय जितका वैद्यकाचा आहे, तितकाच राज्यकारभाराचाही आहे. आणि राज्यकारभाराविषयी विचारणा करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे.

प्रथम आमची एक चूक सांगतो. २००९ साली आमच्या यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत एक जॉबर होता. मागवाल्याची उचल फिटत नव्हती, घरात आजारपण होते. एका रात्री त्याने जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला. शेजाऱ्यांनी वेळीच रुग्णालयात नेले आणि तो वाचला. त्या वेळी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा होता. पोलिसांचे लचांड नको म्हणून आम्हीच त्याच्या पत्नीस म्हणालो, “वहिनी, अपघात झाला एवढेच सांगा.” कागदावर अपघात लागला. चौथ्या दिवशी तो घरी आला. पोटाची विचारपूस झाली, मनाची कोणीच केली नाही. आम्ही मालकाकडून उचलीचा हिशेब मागितला, तो मिळविलाही. पण त्या रात्रीविषयी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. आठ महिन्यांनी तो गेला. वहिनींनी आम्हांस बोल लावला नाही. तो आम्ही आजही स्वतःस लावतो.

यात आमची चूक होतीच. पण कायद्याचीही होती. जो माणूस मदत मागण्याच्या अगदी उंबरठ्यावर उभा होता, त्याला कायद्याने लपावयास लावले. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले होते. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले. पण १९९६ साली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ते पुन्हा वैध ठरविले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ ने दृष्टी बदलली. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्यास शिक्षा करू नये, असे ते कलम सांगते. त्याचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे: अशा माणसास उपचार आणि पुनर्वसन मिळवून देणे, म्हणजे तो प्रसंग पुन्हा येण्याचा धोका कमी करणे, हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने कलम राहिलेच नाही. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे.

आता कोणी म्हणेल, मरावयाचे ठरविलेल्या माणसास सरकार कसे अडविणार? आमच्या धंद्यातला दाखला देतो. पूर्वी यंत्रात बोट गेले की मालक म्हणे, कामगाराने जपून काम करावयास हवे होते. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोक्याच्या भागांना आडोसा घालणे बंधनकारक केले. जाळीने कामगाराचा थकवा जात नाही. पण थकव्याच्या एका क्षणापायी हात जात नाही. आत्महत्येचेही पुष्कळ अंशी तसेच आहे. दुःख दीर्घ असते, पण टोकाची घडी बहुधा थोडी असते. ती टळली, तर वाचलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ती घडी टळावी अशी व्यवस्था करणे, हेच सार्वजनिक आरोग्याचे काम होय.

श्रीलंकेने हे करून दाखविले आहे. १९९५ साली तेथे लाखामागे सुमारे ४७ माणसे आत्महत्येने मरत. शेतीवरील विषारी औषधे घरोघरी असत आणि पुष्कळ मृत्यू त्यांनीच होत. सरकारने १९९५ च्या सुमारास अतिविषारी औषधे बंद केली, १९९८ साली एंडोसल्फानवर बंदी घातली आणि त्याच वर्षी आत्महत्येचा प्रयत्न गुन्ह्यांतून वगळला. २००५ पर्यंत प्रमाण निम्म्यावर आले आणि २०१५ पर्यंतची घट सुमारे ७० टक्के भरली. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की दवाखान्यात येणारे विषबाधेचे रोगी त्या मानाने घटले नाहीत. ते वाचू लागले. पिकांचे उत्पन्नही या बंदीमुळे खालावले नाही. आपल्या केंद्र सरकारनेही २०१८ साली १८ कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदीचा हुकूम काढला. पण बाजारात अजून जहाल औषधे आहेत.

आमचे सोबती यावर विचारतात, “मग कर्ज आणि बेकारी तशीच ठेवावयाची काय?” मुळीच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसे आत्महत्येने गेली. त्यांत चारांमागे एकाहून अधिक रोजंदारीवरचे होते. मजुरीचा लढा हाही जीव वाचविण्याचाच लढा आहे. परंतु मजुरी वाढेपर्यंत यंत्राला जाळी नको, असे आपण कधी म्हटले नाही. दोन्ही मागण्या एकाच वेळी केल्या पाहिजेत.

आपल्या देशाने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रथमच राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केले. २०३० पर्यंत आत्महत्यांचे मृत्यू १० टक्क्यांनी घटवावयाचे, हे त्याचे उद्दिष्ट. तीन वर्षांत नोंदीची परिणामकारक यंत्रणा, पाच वर्षांत प्रत्येक जिल्ह्यात मानसिक आरोग्य कार्यक्रमामार्फत बाह्यरुग्ण विभाग आणि आठ वर्षांत शिक्षणसंस्थांच्या अभ्यासक्रमात मनःस्वास्थ्याचा समावेश, असा क्रम आखला आहे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात टेली-मानस ही फुकट दूरध्वनिसेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६, आणि तेथे मराठीतही बोलता येते.

कामगार चळवळीने आम्हांस एक गोष्ट शिकविली: कायदा छापला म्हणजे जाळी बसत नाही. निरीक्षक येऊन पाहतो आणि कामगार विचारीत राहतो, तेव्हा ती बसते. म्हणून आपणही जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारू या. मनाचा बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून किती दिवस चालतो? वाचलेल्या माणसाची घरी गेल्यावर पुन्हा विचारपूस कोण करतो? औषधे बारमाही मिळतात काय? आणि आपल्या गल्लीत कोणी गप्प गप्प राहू लागला, तर त्यालाही विचारू या, “जगणे नकोसे वाटते का?” असे विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट ओझे हलके होते. त्याला एकटा सोडू नये, सोबत घेऊन दवाखान्यात जावे.

तो प्रश्न त्या आठ महिन्यांत आम्ही एकदा विचारावयास हवा होता.