सरासरीच्या आड दडलेला शेतकरी

सरकारी अहवालांत सरासरीला जेवढा मान मिळतो, तेवढा दुसऱ्या कोणत्याही आकड्याला मिळत नाही. दरडोई उत्पन्न काय किंवा हेक्टरी उत्पादन काय, ही तिचीच रूपे. सारा देश एका आकड्यात सामावल्याचे समाधान ती देते. परंतु तिने रंगविलेला माणूस प्रत्यक्षात कितपत आढळतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

२०१५-१६ च्या कृषिगणनेचे उदाहरण घेण्याजोगे आहे. त्या गणनेनुसार देशात सुमारे १४.६५ कोटी वहिती खाती होती आणि त्यांच्याकडे मिळून सुमारे १५.७८ कोटी हेक्टर क्षेत्र होते. म्हणजे दर खात्यामागे सरासरी १.०८ हेक्टर. मात्र याच गणनेत एक हेक्टरहून कमी जमीन असलेली, म्हणजे अत्यल्प भूधारकांची, खाती ६८ टक्क्यांहून अधिक भरली आणि त्यांच्या वाट्याला एकूण क्षेत्राचा चौथा हिस्सादेखील आला नव्हता. तेव्हा कागदावरच्या 'सरासरी' शेतकऱ्याहून कमी जमीन असलेले शेतकरी तिघांत दोघे तरी होते, हे उघड आहे.

शाळेत शिकविला जाणारा मध्यक येथे उपयोगी पडतो. सर्व खाती लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडली असता मधोमध येणाऱ्या खात्याचे क्षेत्र म्हणजे मध्यक. तो येथे एक हेक्टरच्या आतच असणार. ओळीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या मोठ्या जमीनदाराचे क्षेत्र दुप्पट झाले, तर सरासरी वाढेल. मध्यक जागचा हलणार नाही.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टूकी यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथातून रूढ केलेला 'बॉक्स प्लॉट', म्हणजेच पेटी-आलेख, याच विचारावर उभा आहे. पेटीच्या दोन कडांमध्ये मधली निम्मी माणसे असतात. पेटीतील रेषा मध्यकाची असते, सरासरीची नव्हे. अनेक वाचकांची गल्लत होते ती नेमकी येथे. पेटीच्या रुंदीच्या दीडपटीहून अधिक दूर पडलेले आकडे सुट्या ठिपक्यांनी दाखवितात. कृषिगणनेचा असा आलेख कल्पिला, तर डावी कड आणि मध्यकाची रेषा एक हेक्टरच्या आत येतील. उजवी कड एक आणि दोन हेक्टरांच्या दरम्यान राहील. दहा हेक्टर वा त्याहून मोठी खाती ठिपके होऊन दूरवर विखुरतील. ती एक टक्काही नव्हती, पण सुमारे ९ टक्के जमीन त्यांच्याकडे होती. सरासरीला मध्यकाच्या रेषेपासून वर ओढून नेतात ती अशीच मोठी खाती.

याचा अर्थ सरासरी निरुपयोगी आहे, असा मात्र नव्हे. एकूण बियाणे किती लागेल, पाणी किती सोडावे, तिजोरीवर भार किती पडेल, अशा प्रश्नांना तीच उत्तर देते. कारण सरासरीला संख्येने गुणले की बेरीज हाती येते. मध्यकाला गुणून तसे काही मिळत नाही. शिवाय दूरचे ठिपके म्हणजे चुकीचे आकडे, असे समजून ते पुसून टाकणेही योग्य नव्हे. विषमतेची साक्ष पुष्कळदा तेच देत असतात.

तेव्हा निवड आकड्यांमधली नसून प्रश्नांमधली आहे. 'एकूण किती?' असे विचारायचे असेल, तर सरासरी घ्यावी. 'सामान्य माणसाची स्थिती काय?' असे विचारायचे असेल, तर मध्यक. दोहोंत अंतर पडले, तर ते का पडले याचा शोध घ्यावा. कर्जाची मर्यादा किंवा मदतीचा निकष जेव्हा १.०८ हेक्टरचा शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून ठरविला जातो, तेव्हा पाऊण एकरावर गुजराण करणारा त्या हिशेबातून नकळत वगळला जातो. आकडा खोटा नसतो. तो भलत्याच प्रश्नाचे उत्तर असतो.