एका पानाला ५६ कोटी उत्तरं

सूर्याच्या पृष्ठभागाचा एक चौरस सेंटिमीटर तुकडा साधारण ६,३०० वॉट बाहेर फेकतो. हापिसातल्या साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये शाईखाली दडलेला हीटर याच मापाने मोजला, तर आकडा अडीच लाख वॉटच्या घरात जातो. म्हणजे सूर्याच्या सुमारे ४० पट. वाचताना कुठेतरी शून्य जास्त पडलं असं वाटेल, म्हणून हिशेबच मांडतो. हीटरचा चौकोन २० मायक्रॉन बाय २० मायक्रॉन धरा. एक थेंब उडवायला त्याला एक मायक्रोज्यूल ऊर्जा लागते आणि ती एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात द्यायची असते. याचा अर्थ तेवढ्या वेळापुरता एक वॉट. एक वॉट म्हणजे काहीच नाही, रात्री जिन्यात लावायच्या बारक्या दिव्याएवढा. पण तो ४०० चौरस मायक्रॉनवर ओतला की सूर्य मागे पडतो.

शाई जळून का जात नाही? कारण हे राज्य औटघटकेचंही नाही. मायक्रोसेकंदभरात हीटरचा माथा तीनशे अंशांपुढे जातो. तापण्याचा हा वेग सेकंदाला ३० कोटी अंश असा पडतो. शाईचा जेमतेम ०.१ मायक्रॉनचा थर एकदम वाफ होतो, बुडबुडा फुगतो, वरची शाई भोकातून बाहेर ढकलतो आणि लगेच मिटतो. थेंब निघतो तो सेकंदाला दहा मीटरच्या आसपास वेगाने, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. बंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात संध्याकाळी सहा वाजता अडकलेल्या कोणालाही या वेगाचा हेवा वाटेल.

कॅननच्या इचिरो एंडो यांना ही युक्ती १९७७ मध्ये सुचली. तापलेली सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून टेकली आणि टोकातून शाई उडाली, अशी ती हकिगत सांगितली जाते. एचपीचे जॉन व्हॉट यांनी अमेरिकेत जवळपास त्याच सुमारास तोच रस्ता धरला. १९८४ मध्ये एचपीचा थिंकजेट बाजारात आला. त्याच्या हेडला, म्हणजे शाई उडवणाऱ्या भागाला, भोकं होती १२. आपण त्यांना नोझल म्हणू, दुकानदारही तेच म्हणतो. १९८८ च्या डेस्कजेटला ५० नोझल झाले. २०१३ मध्ये एचपीनेच पानाच्या रुंदीएवढं, जागचं न हलणारं हेड ऑफिसजेट प्रो एक्स या मालिकेत बसवलं. त्यात नोझल होते ४२,२४०. मेमजेट या कंपनीच्या ए-४ रुंदीच्या हेडात ७०,४०० आहेत आणि सेकंदाला ७० कोटींहून अधिक थेंब ही त्याची ऐपत आहे.

थेंब केवढा? सहा पिकोलिटर धरा. त्याचा व्यास साडेबावीस मायक्रॉन भरतो, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. डोळ्यात घालायच्या औषधाच्या एका थेंबातून असे ८० लाखांवर थेंब निघतील. काही हेड एक पिकोलिटरपर्यंत उतरतात. त्या मापाने लिटरभर शाईत एक लाख कोटी थेंब होतात. ‘लाख कोटी’ हा आकडा एरवी आपल्याला फक्त अर्थसंकल्पाच्या दिवशी ऐकू येतो.

पण थेंब उडणं हा या गोष्टीतला सोपा भाग. अवघड आहे ते कोणी उडायचं आणि कोणी गप्प बसायचं हे सांगणं. ए-४ कागद इंचाला १,२०० ठिपके या बारकाईने आडवा-उभा आखला, तर जवळपास १४ कोटी जागा होतात. शाई चार रंगांची. प्रत्येक जागेला प्रत्येक रंगाचं ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर द्यावं लागतं. झाली ५६ कोटी उत्तरं, एका पानाची. सेकंदाला एक या गतीने न झोपता उत्तरं देत बसलात तर साडेसतरा वर्षं लागतील. वर उल्लेखलेला ऑफिसजेट प्रो एक्स मिनिटाला ७० पानं काढायचा. त्या धावपळीत तो इतक्या बारीक रेषांनी छापत नसे, हे खरं. तरीही पानाच्या वाट्याला सेकंदसुद्धा पुरता येत नाही, आणि उत्तरांची संख्या कोटींतच राहते.

ही उत्तरं पोचवणाऱ्या सर्किटकडे वळताना बंगळुरूच्या होसूर रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीचा विषय निघतो. केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीचे प्रमुख आर. के. बलिगा यांनी भारतात सिलिकॉन व्हॅली उभी करायचं मनात घेतलं आणि १९७८ मध्ये कोनप्पना अग्रहार व दोड्डतोगुरू या गावांकडची ३३२ एकर जमीन त्यासाठी आखली गेली. तेव्हा ही जागा शहराबाहेरचं रान होती. पुढे इन्फोसिस आली, विप्रो आली, सीमेन्स आली. १९९९ मध्ये सुरू झालेली ट्रिपल आयटी बंगळुरू ही संस्थाही इथेच आहे. एचपीच्या इथल्या कचेरीचा पत्ताच ‘एचपी अव्हेन्यू, इलेक्ट्रॉनिक सिटी’ असा छापला जायचा. प्रिंटहेडची सिलिकॉनची चकती काही इथे भाजली जात नाही. एचपीच्या इंकजेटचं माहेर अमेरिकेतलं ऑरेगनमधलं कॉर्व्हॅलिस. इथल्या इमारतींतलं काम सॉफ्टवेअरचं, चिपच्या आराखड्यांचं, चाचण्यांचं. सांगली-कोल्हापूरकडून बंगळुरूला आलेल्या कितीतरी मुलामुलींची पहिली नोकरी अशाच न दिसणाऱ्या कामाची असते.

हेडचं सर्किट समजून घ्यायला मात्र ही वसाहत फार सोयीची आहे. इथे कामाला येणारी माणसं लाखावर. पूर्वी त्यांना रस्ता एकच, होसूर रोड. २०१० च्या जानेवारीत त्यावर दहाएक किलोमीटरचा उन्नत मार्ग झाला, २०२५ च्या ऑगस्टमध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. तरी सगळे एकाच मिनिटाला निघाले तर कोणीच पोचणार नाही. म्हणून कोणाची पाळी सातची, कोणाची नऊची, कोणाची दुपारची. कंपन्यांच्या बसगाड्या पाळ्यांप्रमाणे सुटतात. प्रिंटहेडमध्ये हेच होतं, फक्त पाळ्या मायक्रोसेकंदांच्या.

समजा ४२,२४० हीटर एकाच क्षणी पेटवले. प्रत्येकाला एक वॉट, म्हणजे ४२ किलोवॉट. दीड टनाचे २८ एसी एकदम सुरू करण्याइतकी वीज, टेबलावरच्या डब्याला. तीस-बत्तीस व्होल्टवर हे भागवायचं तर तेराशे अँपिअर प्रवाह लागेल. केसाहून बारीक धातूच्या पट्ट्यांतून तो जाऊच शकत नाही. उलट सरासरी काढा. प्रत्येक नोझलने सेकंदाला दहा हजार थेंब टाकले तर सबंध काळं पान छापतानाही सव्वाचारशे वॉटच होतात, आणि नेहमीच्या पत्रात कागदाचा विसावा भागच शाईने भरतो, त्यामुळे गोष्ट वीसएक वॉटवर येते. गरज वीस वॉटची आणि धोका ४२ हजार वॉटचा. ड्रायव्हर सर्किटची, म्हणजे हीटर पेटवणाऱ्या सर्किटची, सगळी करामत या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे.

दुसरी अडचण तारांची. थिंकजेटच्या १२ हीटरना १२ तारा आणि एक सामाईक, इतकं सरळ होतं. ४२,२४० हीटरना प्रत्येकी एक तार दिली आणि जोडटोकं अर्ध्या मिलिमीटरवर बसवली, तर टोकांची रांग २१ मीटर लांब होईल. पहिला उपाय उभ्या-आडव्या जाळीचा. ३०० हीटर १५ ओळी आणि २० रांगांत बसवले की ३५ तारांत भागतं, ज्या ओळीत आणि ज्या रांगेत एकाच वेळी वीज आली तिथला हीटर पेटतो. पण खरी झेप हीटरशेजारी त्याच सिलिकॉनवर ट्रान्झिस्टर आणि तर्कसर्किट बसवल्यावर घेतली गेली. आता ‘हो-नाही’ची माळ एकाच तारेने आत येते, शिफ्ट रजिस्टरमध्ये एकेक घर पुढे सरकते आणि सगळी जागेवर बसली की विजेचा पल्स सुटतो. नोझलचे छोटे गट पाडलेले असतात. एका गटातला एकच एका वेळी उडतो.

याची किंमत लगेच दिसते. गटातला शेवटचा नोझल उडेपर्यंत कागद पुढे गेलेला असतो. मिनिटाला ७० पानांच्या वेगाने कागद सेकंदाला ३५ सेंटिमीटर जातो, म्हणजे गटाच्या फेरीला वीस मायक्रोसेकंद धरले तर सात मायक्रॉन. आडवी रेघ तिरकी यावी एवढं हे अंतर. म्हणून नोझल कोरतानाच एकेक किंचित मागे-पुढे कोरतात, म्हणजे पाळीचा उशीर जागेच्या फरकाने भरून निघतो. वेळेची चूक भूमितीने फेडणं मला या सगळ्या प्रकारात सर्वांत देखणं वाटतं.

आणखी एक तिढा म्हणजे शेजारी किती जण पेटले यावर आपल्या हीटरपर्यंत किती व्होल्ट पोचणार हे ठरतं. कमी पोचले तर थेंब अडखळतो. जास्त दिले तर शाई हीटरवर करपते आणि पुटं चढतात. वर मिटणारा बुडबुडा दरवेळी पृष्ठभागावर हातोडा मारतो, त्यासाठी टँटलमचा पातळ थर दिलेला असतो. एका हीटरने असे तडाखे कोट्यवधी वेळा सोसायचे असतात.

हीटरवाल्या हेडचं कौतुक जास्त होतं, कारण त्यात उकळणं आहे, स्फोट आहे. माझं मत विचाराल तर सर्किटवाल्याची खरी परीक्षा पिझो हेडमध्ये लागते. एप्सनचे प्रिंटर, फ्लेक्स छापणारी मोठी यंत्रं, कापडावर छापणारी यंत्रं बहुतेक याच जातीची. यात काही तापत नाही. व्होल्टेज दिलं की पिझोचा पापुद्रा नॅनोमीटरच्या मापाने वाकतो आणि शाई ढकलली जाते. नुसतं चालू-बंद इथे चालत नाही. व्होल्टेज कसं चढवायचं, किती वेळ धरायचं, कसं उतरवायचं याचा आकार ठरलेला असतो. आधी शाई मागे ओढायची, मग पुढे रेटायची, मग उरलेली थरथर शांत करायची. न छापणाऱ्या नोझललाही मधूनमधून हलका पल्स देतात. थेंब पडत नाही, पण तोंडाशी शाई सुकत नाही.

वीजशास्त्राच्या दृष्टीने पिझो नोझल म्हणजे एक कपॅसिटर. प्रत्येकी ३०० पिकोफॅरड आणि ३० व्होल्ट धरू. व्होल्टेज दोन मायक्रोसेकंदांत चढवायचं. एकच नोझल उडायचा असेल तर साडेचार मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. पुढच्याच थेंबाला हजार नोझल उडायचे असतील तर साडेचार अँपिअर. ओझं हजारपट झालं तरी लहरीचा आकार तसूभर बदलता कामा नये, नाहीतर गडद भागात थेंब लहान आणि फिक्या भागात मोठे पडतील. फुजीफिल्मच्या सांबा हेडमध्ये २,०४८ नोझल आहेत आणि प्रत्येकाची ऐपत सेकंदाला एक लाख थेंबांपर्यंत. म्हणजे दहा मायक्रोसेकंदांना एकदा, ओझं किती याचा अंदाज नसताना, ड्रायव्हरने तोच आकार हुबेहूब काढायचा. काही पिझो हेडमध्ये शेजारच्या दोन नोझलमधली भिंत सामाईक असते. ती एकासाठी वाकली की दुसऱ्याला धक्का बसतो. तिथे दर तिसरा नोझल एकत्र, अशा तीन पाळ्या लावाव्या लागतात.

आपल्याकडे हे तंत्रज्ञान सर्वांत ठळक कुठे दिसतं? चौकातल्या फ्लेक्सवर. दहा बाय वीस फुटांचा वाढदिवसाचा फलक साडेअठरा चौरस मीटर भरतो. चौरस मीटरला दहा मिलिलिटर शाई आणि ४२ पिकोलिटरचा थेंब धरला, तर एका भावी नगरसेवकासाठी ४४० कोटी थेंब पडतात. देशातल्या प्रत्येक माणसामागे तीन. प्रत्येक थेंब पिझोने स्वतंत्रपणे ढकललेला.

छापणाऱ्याला मात्र कोटींची चिंता नसते, त्याला एका नोझलची असते. हेडमधला एक जरी बंद पडला तर फलकभर पांढरी रेघ येते, आणि गिऱ्हाईक नेमकी तीच पाहतं. पानभर रुंदीच्या हेडमध्ये तर हेड सरकतच नाही, त्यामुळे दुसऱ्या फेरीत रेघ झाकायची सोयही नाही. एचपीच्या त्या प्रिंटरमध्ये म्हणून उडत्या थेंबांवर प्रकाश टाकून कोणता नोझल आजारी आहे ते शोधतात आणि त्याचं काम शेजाऱ्यांवर वाटून देतात. ४२,२४० मधला एक.

कार्ट्रिज महाग पडतं अशी ओरड असते, ती रास्तच आहे. समजा दहा मिलिलिटरचं कार्ट्रिज हजार रुपयांना पडलं, तर लिटरचा भाव लाख रुपये होतो. दुसऱ्या बाजूने मोजलं तर रुपयाला सतरा लाख थेंब. मला खटकते ती वेगळी गोष्ट. अनेक घरगुती प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये हेड आणि त्याचं ड्रायव्हर सर्किट आतच असतं. शाई संपली की शेकडो हीटर, त्यांचे ट्रान्झिस्टर, टँटलमचा थर, सगळं आपण ओल्या कचऱ्यात फेकतो. भारताच्या ई-कचरा नियमांनी प्रिंटरबरोबर कार्ट्रिजही ई-कचऱ्यात मोजलं आहे. तेव्हा रिकामं कार्ट्रिज घंटागाडीत टाकू नका, जुन्या मोबाइलबरोबर बाजूला ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.