तोंडाला रंग लावताना

एखादा माणूस नट झाला की मराठीत आपण 'त्याने तोंडाला रंग लावला' असे म्हणतो. कन्नडमध्येही 'बण्ण हच्चिद' असेच म्हणतात. बण्ण म्हणजे रंग आणि हच्चु म्हणजे लावणे. मराठी रंगभूमीचे कन्नडशी नाते तर जन्मापासूनचे. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तसे खेळ करावयास सांगितले आणि १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आले. पण तोंडाला लावायचा तो रंग कोणता? हाच या लेखाचा विषय आहे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. रंगभूषेशी माझा संबंध आला तो स्नेहसंमेलनामुळे. आम्हां मराठी व कन्नड मुलींच्या गटाकडे केशभूषा आणि रंगभूषेचा प्रकल्प आला. तीन रूपे ठरली : जलसंगीची मदनिका, संगीत नाटकाची नायिका आणि आजची नवरी.

केशभूषा त्या मानाने सोपी गेली. जलसंगी हे आपल्या बीदर जिल्ह्यातील हुमनाबाद तालुक्यातले गाव. तेथील मंदिर कल्याणी चालुक्यांच्या काळातले असून शिलालेख लिहिणारी त्याची मदनिका प्रसिद्ध आहे. शिल्पांची छायाचित्रे समोर ठेवून आम्ही अंबाडे बांधले. केस अपुरे पडले तेथे गंगावन लावले. माझ्या कन्नड मैत्रिणी त्याला 'चौरी' म्हणतात. नायिकेसाठी आदर्श अर्थातच बालगंधर्वांचा. स्त्रीभूमिका करणाऱ्या या पुरुषाची लुगडे नेसण्याची आणि केसांत गजरा माळण्याची पद्धत त्या काळच्या घरंदाज स्त्रियांनी उचलली होती, हे लक्षात घेतले म्हणजे रंगभूमीवरचे रूप घराघरांत कसे शिरते ते कळते.

अडले ते नवरीपाशी. जिला आम्ही नवरी केले होते, ती माझी मैत्रीण सावळी आहे. तालमीच्या वेळी एकीने सहज सुचविले, "हिला आधी चांगली गोरी करा, मग बाकीचे." मैत्रीण एवढेच म्हणाली, "मदुमगळु बेळ्ळगे इरबेका?" नवरीने गोरेच असावे लागते का? आणि ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिने भाग घेणार नाही असे कळविले.

मग मी या पांढऱ्या रंगाचा शोध घेऊ लागले. पूर्वी नाटके पलित्यांच्या आणि तेलाच्या दिव्यांच्या उजेडात होत. त्या मंद प्रकाशात मागच्या प्रेक्षकाला चेहरा दिसावा म्हणून सफेदा चोपडीत. त्यावर लाली, भुवयांना काजळ. यांतले काही रंग घातकही होते : हिंगुळात पारा असतो, हरताळात सोमल. पुढे विजेचे दिवे आले आणि चेहरा पांढरा करण्याचे कारणच संपले. सवय मात्र उरली, आणि तिला आपण सौंदर्य म्हणू लागलो.

मैत्रिणीची समजूत घालून आम्ही एक प्रयोग केला. तिच्या अर्ध्या चेहऱ्याला बाजारातला उजळ रंग लावला; उरलेल्या अर्ध्याला दोन गडद छटा मिसळून तिच्या कातडीशी जुळणारा. मग रंगमंचावरचे दिवे लावून आम्ही शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. उजळ बाजू राखेसारखी दिसत होती. गालाचा उंचवटा, नाकाची रेघ, सारे पुसले गेले होते. जुळणारी बाजू तेथूनही जिवंत दिसत होती. कारण साधे आहे. उजळ छटांत पांढरी पूड जास्त असते; ती सावळ्या कातडीवर बसली की खालचा तांबूस-पिवळसर रंग झाकला जातो आणि करडेपणा तेवढा वर येतो. चेहऱ्याला आकार येतो तो उजेड आणि सावलीच्या फरकाने. सरसकट पांढरेपणाने तो फरकच नाहीसा होतो.

आता थोडे वाणिज्याचे. गडद छटा मिळविण्यासाठी आम्हांला बरीच दुकाने पालथी घालावी लागली. दुकानदार म्हणाले, "मागणी नाही, म्हणून ठेवत नाही." पण दुकानात माल नसेल तर मागणी दिसणार कोठून? सावळ्या मुली मिळेल ती उजळ छटा घेतात आणि विक्रीच्या वहीत उजळ छटेचीच मागणी नोंदली जाते! शिवाय मागणी घडविताही येते. गोरेपणाचे आश्वासन देणारी 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये बाजारात आली. २०२० मध्ये कंपनीने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. शब्द बदलायला पंचेचाळीस वर्षे लागली. मनातला हिशेब बदलायला किती लागतील?

पुढील वर्षी हे काम करणाऱ्यांना माझी सूचना एवढीच : रंगाची छटा हातावर न पाहता जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात पाहावी, नंतर रंगमंचाच्या दिव्यांत, शेवटच्या रांगेतून. आणि ज्या चेहऱ्याला रंग लावायचा, त्या व्यक्तीला आधी विचारावे. आमची नवरी अखेर आपल्याच रंगात रंगमंचावर आली. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या वर्षाच्या दोन सावळ्या मुली तिच्याकडे आल्या आणि त्यांनी विचारले, "अक्का, ही छटा कोणत्या दुकानात मिळते?"