पत्र्यावरचा उठाव आणि आपला घसारा

धाराशिवच्या जुन्या पेठेतील आमच्या आजोळच्या वाड्यात देवघराची मागची भिंत पितळी पत्र्याने मढवलेली होती. पत्र्यावर अष्टमंगल उठवलेले होते : स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त, वर्धमानक, भद्रासन, कलश, मत्स्ययुगुल आणि दर्पण. दर दिवाळीला आम्ही भावंडे चिंच आणि रांगोळी घेऊन तो पत्रा घासत असू. पुढे वाडा उतरवताना पत्रा उजेडात आणला, तेव्हा ध्यानात आले की मत्स्ययुगुलाचे डोळे आणि खवले पार नाहीसे झाले आहेत. दुकानाच्या हिशेबात घसारा दरवर्षी मांडणाऱ्या आमच्या घराने या पत्र्याचा घसारा कधी धरलाच नव्हता.

आज नव्या घरांत तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियमचे नक्षीदार पत्रे पुन्हा भिंतीवर येऊ लागले आहेत. देवघरामागे, दिवाणखान्यात, प्रवेशद्वाराशी ते शोभतात. ही कल्पना आपल्याला नवी नाही. देवालयांचे दरवाजे, सिंहासने आणि खांब चांदीच्या पत्र्याने मढवण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. पंढरपूरचा गरुडखांब वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चांदीने मढवलेलाच पाहिला. परदेशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात कारखान्यांत दाबून काढलेले लोखंडी पत्रे घरांच्या व दुकानांच्या छताला आणि भिंतींना लावले जात. ते हलके होते, स्वस्त होते आणि पेट घेत नसत.

हाताने उठाव काढणारा कारागीर पत्रा राळेवर बसवतो आणि मागून ठोकून आकृती फुगवतो. मग पुढच्या बाजूने बारकावे काढतो. कारखान्यात हेच काम दोन साच्यांमध्ये पत्रा दाबून होते. दोन्ही रीतींत जेथे उठाव जास्त, तेथे पत्रा ताणला जाऊन पातळ होतो, आणि घासताना हात प्रथम तेथेच पडतो. म्हणून नाक, डोळे, पाकळ्यांची टोके आधी झिजतात.

पत्रा लावण्यापूर्वी भिंत पाहावी. अर्धा मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा चौरस मीटरला सुमारे साडेचार किलो भरतो, ॲल्युमिनियमचा दीड किलोहूनही कमी. त्यामागच्या प्लायवूडचे वजन बहुधा पत्र्यापेक्षा अधिक असते. आपल्याकडील जुन्या माळवदी घरांच्या भिंती दगड-मातीच्या आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात अशा भिंती कशा ढासळल्या, हे सास्तूर, किल्लारीच्या परिसराने पाहिले आहे. अशा भिंतीत केवळ गिलाव्याच्या भरवशावर फलक टांगू नये. लाकडी चौकट तुळईला किंवा खांबाला बांधावी आणि पत्रा त्या चौकटीवर बसवावा. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत प्लगमध्ये स्क्रू पुरेसे होतात. नुकताच गिलावा झालेल्या ओल्या भिंतीवर पत्रा लावू नये. चुना आणि सिमेंटची ओल ॲल्युमिनियमला खाते. गळकी भिंत तर आधी दुरुस्तच करावी.

तांब्या-पितळेला लोखंडी खिळे मारू नयेत. ओलाव्यात दोन धातू भिडले की लोखंड झपाट्याने गंजते आणि त्याचे डाग पत्र्यावर ओघळतात. पितळेला पितळी स्क्रूच हवेत. आपल्याकडे हिवाळ्याच्या पहाटेपासून वैशाखाच्या दुपारपर्यंत तापमानात 30 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने एक मीटर तांबे सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते, ॲल्युमिनियम त्याहून थोडे अधिक. म्हणून दोन पत्र्यांमध्ये दोन मिलिमीटर फट ठेवावी आणि स्क्रूची भोके किंचित मोठी पाडावीत. अन्यथा पत्रा फुगून ठोके दिल्यासारखा वाजतो.

सामान निवडताना आपल्या घरांनी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. सुताराचा जुना सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतो, आणि चकाकी टिकवण्यासाठी लावली जाणारी लाख किड्यांपासून मिळते. दोन्हींना आज कृत्रिम पर्याय उपलब्ध आहेत. कारागिराला आधीच सांगितले की तो तेच वापरतो. पत्र्यामागची पोकळी कडेने बारीक जाळीने बंद करावी. हवा खेळती राहते, आणि पाली-कोळी तेथे घर करत नाहीत. पुढे सफाई करताना जीवहिंसा टाळण्याचा हाच सोपा मार्ग.

निगा राखणे त्याहून सोपे आहे. आठवड्याला मऊ, कोरड्या सुती फडक्याने किंवा नायलॉनच्या मऊ कुंचल्याने धूळ काढावी. देवघरात दिव्याची काजळी आणि तेलाचा थर बसतो. तो कोमट पाण्यात सौम्य साबण घालून पुसावा आणि लगेच कोरडा करावा. पाणी पत्र्यामागच्या लाकडात मुरू देऊ नये. चिंच, लिंबू काळेपणा काढतात हे खरे, परंतु खोलगट भागात त्यांचा अंश राहिला तर तेथे हिरवा जंगाल चढतो. रांगोळी, राख, विटकर पूड आणि तारेची घासणी तर धातूच खरवडतात. चांदीवर येणारा काळेपणा हवेतील गंधकामुळे असतो. तो घासून काढताना दर वेळी थोडी चांदी जाते. म्हणून चकाकीचे काम वर्षातून एकदाच, हलक्या हाताने करावे. ज्या पत्र्यावर लेप आहे, त्याला पॉलिश लावूच नये. लेप निघू लागला तर तो पूर्ण काढून पुन्हा द्यावा लागतो. खोलगट भागातील काळसर छटा राहू द्यावी. तिच्यामुळेच उठाव डोळ्यांत भरतो.

आजोळचा तो पत्रा आम्ही मोडीत दिला नाही. कारागिराने नवे डोळे उठवून देण्याची तयारी दाखवली. आम्ही त्याला थांबवले, कारण पातळ झालेला पत्रा तेथे फाटला असता. नव्या घरात तो सागवानी चौकटीवर, पितळी स्क्रूंनी बसवला आहे. मत्स्ययुगुल आंधळे आहे, परंतु श्रीवत्सावर अजून बारीक रेषा आहेत. दिवाळीला मुले फडके हाती घेतात तेव्हा त्यांना आधी त्या रेषा दाखवतो, आणि चिंचेचा गोळा स्वयंपाकघरातच राहतो.