जाणं सोपं, परतणं अवघड

आफ्रिकेचा नकाशा समोर घ्या. कॅनरी बेटांच्या थोडं दक्षिणेला, पश्चिम सहाराच्या किनाऱ्यावर बोजादोर नावाचं भूशिर सापडेल. दिसायला विशेष काही नाही. वाळू, उथळ पाणी, फेसाळ लाटा. पण पंधराव्या शतकात पोर्तुगीज खलाशी इथूनच माघारी फिरत. राजपुत्र हेन्रीने माणसं पाठवावीत आणि त्यांनी हात हलवत परत यावं, असं बारा वर्षं चाललं, असं इतिवृत्तकार झुराराने लिहून ठेवलं आहे. अखेर १४३४ मध्ये जिल इयानिश ते ओलांडून गेला.

खलाशांची भीती निव्वळ भाबडी होती असं मात्र समजू नका. या किनाऱ्यावर वारा आणि प्रवाह दोन्ही दक्षिणेकडे रेटतात. जाताना मजा, येताना तोच वारा तोंडावर! त्रिकोणी शिडांच्या काराव्हेल गलबताला नागमोडी वळणं घेत वाऱ्याविरुद्ध थोडंफार सरकता येई. पण खरी युक्ती पुढे हळूहळू उमगली, आणि ती उलटीच होती. घरी जायचं तर किनारा सोडायचा, वायव्येला भर समुद्रात शिरायचं आणि अझोर्स बेटांच्या आसपास पश्चिमेचे वारे मिळाले की पोर्तुगालकडे वळायचं.

किनारा खुला झाला, आणि दहाच वर्षांत, ८ ऑगस्ट १४४४ रोजी, पोर्तुगालच्या लागोस बंदरात २३५ आफ्रिकी बंदिवान उतरवून वाटले गेले. पाचवा हिस्सा हेन्रीचा. आया-मुलांची ताटातूट होतानाचा आकांत झुराराने नोंदवला आहे. आणि झुरारा तर हेन्रीचा स्तुतिपाठक होता.