मिडी संपादनाला हवी गती. पण लय सांभाळून

संगणकावर संगीतरचना करणाऱ्यांचा बराचसा वेळ वाजवण्यात जात नाही. तो जातो वाजवलेले दुरुस्त करण्यात. तीन मिनिटांच्या शीर्षकगीतासाठी तालवाद्ये, बासरी आणि व्हायोलिनचा ताफा मिडीवर रचला, की पडद्यावर स्वरांच्या असंख्य छोट्या पट्ट्या दिसू लागतात. त्यातील एकेक पट्टी माउसने पकडून सरकवायची ठरवली, तर रात्र सरते आणि मूळ कल्पनेचा ताजेपणाही ओसरतो. हे काम झटपट करायचे, तर मिडीचे स्वरूप आधी समजून घ्यायला हवे.

मिडी हा ध्वनी नव्हे. ती वाद्याला दिलेली आज्ञा होय. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील 'नॅम' या वाद्यांच्या व्यापारमेळ्यात डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि इकुतारो काकेहाशी यांच्या रोलँड कंपनीचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर जोडून दाखवण्यात आले. या कामगिरीबद्दल दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. कोणती कळ दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, हे मिडी सांगते. कळीला ० ते १२७ मधील एक क्रमांक असतो, आघाताचा जोर १ ते १२७ या अंकांत मोजला जातो. म्हणजे संपादन हे मुळात आकडे बदलण्याचे काम आहे आणि आकड्यांना नियम लावता येतो.

वेगाचे पहिले रहस्य इथेच आहे. क्युबेसमधील लॉजिकल एडिटर किंवा लॉजिक प्रोमधील मिडी ट्रान्सफॉर्म ही सोय नेमके हेच करते. '२० पेक्षा कमी जोराचे सर्व स्वर निवडा आणि काढून टाका' अशी अट घातली, की बोट चुकून लागलेले बहुतेक स्वर एका फटक्यात नाहीसे होतात. मात्र मुद्दाम हळुवार वाजवलेला स्वरही या अटीत सापडू शकतो. म्हणून आधी केवळ निवड करावी, ऐकावे आणि मगच काढावे. वारंवार लागणाऱ्या आज्ञांना कीबोर्डवरील एकेक कळ नेमून द्यावी. रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अनेक क्रियांची साखळी एकाच कळीला जोडता येते.

दुसरा मुद्दा क्वांटाइझचा. स्वर मात्रेच्या रेषेवर आपोआप आणून बसवणारी ही आज्ञा सर्वांत जलद आणि म्हणूनच सर्वांत धोक्याची. मिनिटाला १२० मात्रांची लय आणि प्रत्येक मात्रेचे ४८० भाग धरले, तर एक भाग साधारण एक मिलिसेकंदाचा होतो. एखादा ठोका २० भाग उशिरा पडला असेल आणि क्वांटाइझचे प्रमाण १०० टक्के ठेवले, तर तो थेट रेषेवर जातो. ५० टक्के ठेवले, तर १० भागांचा रेंगाळलेपणा शिल्लक राहतो. वादकाची लय त्या रेंगाळण्यातच असू शकते. सगळेच ठोके रेषेवर बसवले, की ठेका बिनचूक होतो, पण निर्जीव वाटू लागतो.

भारतीय संगीतात आणखी एक अडचण येते ती मींडेची. पिच बेंडची आज्ञा एका चॅनेलवरील सर्व स्वरांना एकदमच लागू होते. त्यामुळे मींड असलेला स्वर वेगळ्या चॅनेलवर ठेवावा लागतो. प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनेल देणारी एमपीई ही पद्धत २०१८ मध्ये प्रमाणित झाली. मात्र वाद्य आणि सॉफ्टवेअर या दोहोंना ती समजत असेल, तरच तिचा उपयोग होतो. मींडेची वक्ररेषा माउसने बिंदू-बिंदू काढत बसण्यापेक्षा व्हील फिरवून ती पुन्हा वाजवणे अनेकदा जलद ठरते आणि स्वाभाविकही वाटते.

हेच तत्त्व इतरत्रही लागू पडते. चार मात्रांचा तुकडा बिघडला असेल, तर लय थोडी कमी करून तेवढाच पुन्हा वाजवावा. मिडीत लय बदलल्याने स्वराची उंची बदलत नाही. रेकॉर्डिंग सुरू नसताना सुचलेले वादनही मागाहून पकडण्याची सोय क्युबेस, लॉजिक आणि एबलटन लाइव्हमध्ये आहे.

यांत्रिक कष्ट संगणकावर सोपवावेत, निर्णय मात्र कानाकडेच ठेवावा. वाचलेला वेळ पुन्हा पडद्याकडे पाहण्यात न घालवता डोळे मिटून ऐकण्यात घालवला, तरच या गतीचा संगीताला उपयोग आहे.